शाह आलमचा रुपया, मुक्काम पोस्ट जांबे

लक्ष्मीपूजनाला तुमच्या घरी पाटावर काय मांडतात? हल्ली बहुतेक ठिकाणी बँकेकडून किंवा सराफाकडून घेतलेलं चकचकीत नाणं असतं, एका बाजूला लक्ष्मी, दुसऱ्या बाजूला गणपती आणि प्लास्टिकची डबी. आमच्याकडे, म्हणजे माझ्या सासरी जांब्याला, अकरा जुने चांदीचे रुपये मांडतात. लाल फडक्यात गुंडाळून पितळी डब्यात ठेवलेले. वर्षातून एकदा बाहेर येतात, चिंच आणि रांगोळीने घासले जातात, हळदकुंकू लागतं आणि परत डब्यात. घरात त्यांना 'पेशव्यांचे रुपये' म्हणतात. का म्हणतात, ते आजेसासूबाईंनाही त्यांच्या सासूने सांगितलं होतं, इतकंच.

जांबे माहीत नसेल तर सांगते. हिंजवडीत ऑफिस असलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी ब्रोकरच्या तोंडून हे नाव ऐकलेलं असतं. मारुंजी-नेऱ्याच्या शेजारचं गाव. तालुका मुळशी, त्यामुळे भाताची खाचरं. आता खाचरांच्या मधूनमधून टॉवर. महापालिकेत जाणार, नाही जाणार ही चर्चा माझ्या लग्नाआधीपासून चालू आहे. मी कोथरूडची, सॉफ्टवेअर टेस्टर. नवरा त्याच कंपनीत दुसऱ्या मजल्यावर. त्याच्या घरी आल्यावर ऑफिस वीस मिनिटांवर आलं, हा आमच्या प्रेमविवाहाचा सगळ्यात प्रॅक्टिकल फायदा!

तर, मागच्या वर्षी जुनं घर पाडायचं ठरलं. वाटण्या सुरू झाल्या. जमिनीच्या वाटण्या वकिलाने केल्या, त्यात कुणी आवाज चढवला नाही. पितळी डबा निघाला आणि वातावरण तापलं. त्याचं कारण आमच्या धाकट्या दिरांचा एक फोटो. भाऊजींनी एका रुपयाचा क्लोज-अप काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'हे पेशव्यांचे नाहीत. ही फारसी आहे. मुघलांची नाणी आपण इतकी वर्षं लक्ष्मी म्हणून पुजतोय. मोडून टाका, येतील त्या पैशात आजीला नवीन लक्ष्मीचं नाणं घेऊ.'

त्याखाली एकवीस अंगठे. चुलतसासरे तात्या, जे ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग पाठवतात, त्यांनीही अंगठा दिला. आजी व्हॉट्सअ‍ॅपवर नाहीत. त्यांना कुणीतरी तोंडी सांगितलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

मला म्हणून ओळखणारे लोक सांगतील की मी अशा वेळी भांडत नाही, बग शोधते. भाऊजींचं निरीक्षण बरोबर होतं. नाण्यावर फारसीच आहे. मोडी नाही, देवनागरी नाही. त्यातून 'म्हणून हे मुघलांचं' हा जो निष्कर्ष त्यांनी काढला, तिथे मला शंका होती. आणि शंका यायला एक जुनं कारण होतं.

काही वर्षांपूर्वी प्रोजेक्टवर लंडनला होते. शनिवारी करायला काही नाही आणि ब्रिटिश म्युझियमला तिकीट नाही, हे गणित तिथल्या प्रत्येक मराठी ऑनसाइटवाल्याला माहीत आहे. म्युझियमने बीबीसीबरोबर २०१० साली शंभर वस्तूंतून जगाचा इतिहास सांगितला होता. त्यात शेहेचाळिसाव्या नंबरावर दोन लहानशी सोन्याची नाणी आहेत, खलिफा अब्द अल-मलिकची. एकावर तलवार लावलेला उभा माणूस. दुसऱ्यावर माणूस गायब, फक्त अक्षरं. दोन्हींमध्ये जेमतेम एका वर्षाचं अंतर, इसवी सन ६९६-९७ च्या सुमाराचं.

त्याआधीची गोष्ट जास्त भारी आहे. ६३६ साली यर्मुकच्या लढाईत अरबांनी बायझंटाईन सम्राटाच्या फौजेला हरवलं आणि सीरिया त्यांच्या हातात आला. नवं राज्य, नवा धर्म, नवी भाषा. आणि नाणी? जुनीच! पुढची तीसचाळीस वर्षं सीरियातल्या टांकसाळी हेराक्लियस वगैरे बायझंटाईन सम्राटांची चित्रं असलेली तांब्याची नाणी पाडत राहिल्या. सम्राट उभा, डोक्यावर मुकुट, हातात क्रॉस. मागे मोठं 'एम' अक्षर, जे ग्रीकमध्ये चाळीसचा आकडा आहे, म्हणजे नाण्याची किंमत. मग हळूहळू कडेला अरबी शब्द येऊ लागले. होम्स शहराच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीकमध्ये 'कालोन', दुसऱ्या बाजूला अरबीत 'तय्यिब'. दोन्हींचा अर्थ एकच, 'चांगलं आहे', म्हणजे चालेल, घ्या. सोन्याच्या नाण्यांवर पायऱ्यांवर उभा असलेला क्रॉस होता. त्याची आडवी दांडी काढून टाकली आणि उरला नुसता खांब. पायऱ्या तशाच. इराणच्या बाजूला तर सासानी राजा दुसरा खुस्रो, त्याचा पंखांचा मुकुट, मागे अग्निकुंड, सगळं जसंच्या तसं, आणि कडेच्या मोकळ्या जागेत लहान अक्षरात 'बिस्मिल्लाह'.

ही नाणी ओळखायची कशी, यावर अभ्यासकांचं आयुष्य जातं, कारण पहिल्या नजरेला ती बायझंटाईनच वाटतात. ओळखणारा माणूस सम्राटाच्या चेहऱ्याकडे बघतच नाही. तो कडा बघतो. ग्रीक अक्षरं बरोबर आहेत की कुणीतरी न वाचता येणाऱ्या माणसाने चित्रासारखी काढलीत? क्रॉसची दांडी शाबूत आहे का? कोपऱ्यात एखादा जादाचा शब्द, चांदणी, खूण? राजा कोण हे मधल्या चित्रावरून ठरवायचं नाही, कडेच्या खुणेवरून ठरवायचं.

आपल्या फील्डमध्ये याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. बॅकएण्ड पूर्ण बदला, पण युझरला तोच स्क्रीन दाखवा. नाहीतर सोमवारी सकाळी हेल्पडेस्कचे फोन थांबत नाहीत. बाजारातल्या माणसाला सम्राट कोण याच्याशी घेणंदेणं नसतं. हातातलं नाणं पुढचा माणूस घेईल का, एवढंच त्याला बघायचं असतं.

तर मी भाऊजींना फोन केला. म्हटलं, "भाऊजी, दोन आठवडे द्या. मोडायचं काही ठरवू नका."

ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही काय फारसी शिकणार दोन आठवड्यांत?"

"फारसी नाही. फक्त आकडे शिकणार."

आकडे खरंच सोपे आहेत. तुम्हीही शिकू शकता, लंच ब्रेकमध्ये. एक म्हणजे सरळ काठी. सात म्हणजे इंग्रजी 'व्ही', आठ म्हणजे उलटा 'व्ही'. पाच म्हणजे बदामासारखा गोळा, शून्य म्हणजे नुसता ठिपका. नऊ आपल्या इंग्रजी नऊसारखाच. दोन आणि तीन म्हणजे काठीला वरून एक किंवा दोन वळणं. बाकीची अक्षरं उजवीकडून डावीकडे, पण आकडे मात्र डावीकडून उजवीकडे. एवढं पाठ झालं की जुन्या रुपयावरचं साल तुम्ही वाचू शकता, जर ते नाण्यावर उमटलेलं असेल तर.

हा 'जर' मोठा आहे. मराठेशाहीतला रुपया हातोड्याने पाडलेला. खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये चांदीची चकती, वरून घाव. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा. त्यामुळे पूर्ण मजकूर कुठल्याच एका रुपयावर येत नाही. एकावर डावा भाग, दुसऱ्यावर वरचा, तिसऱ्यावर मधला. म्हणून अकरा रुपये एकत्र असणं ही चैन होती. जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद, बाजूला टेबल लॅम्प, प्रकाश अगदी तिरका, आणि मोबाईलचा कॅमेरा. अकरा गुणिले दोन, असे बावीस फोटो. मग नवऱ्याने ते एकावर एक ठेवून जुळवले. तो डिझाईन टीममध्ये आहे, त्याला हे काम भयंकर आवडलं.

एक सूचना इथेच देऊन टाकते. जुनं नाणं घासू नका! चिंच नको, रांगोळी नको, टूथपेस्ट तर अजिबात नको. प्रत्येक दिवाळीला थोडं थोडं करून आमच्या रुपयांवरची निम्मी अक्षरं झिजली आहेत. संग्राहक काळपट नाण्याला जास्त पैसे देतात, चकचकीत नाण्याकडे बघतही नाहीत. आमच्या अकरापैकी दोघांना तर कुणीतरी कडी डाक लावून बसवली आहे, गळ्यात घालायला. कुणाचा तरी हौसेचा दागिना असणार.

जुळवल्यावर शब्द दिसायला लागले. मी फारसी न शिकता ते कसे ओळखले? पुस्तकातल्या चित्रांशी ताडून. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचं 'मराठा मिंट्स अँड कॉइनेज' नावाचं पुस्तक आहे, १९८९ चं. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची जी संस्था आहे, तिने काढलेलं. त्यात मराठ्यांच्या टांकसाळींची जंत्री आहे, आणि ती वाचताना मी चक्रावले. झाशीचं टांकसाळीचं नाव बलवंतनगर. नाशिकचं गुलशनाबाद. चांदवडचं जाफराबाद. आणि आपलं पुणं? मुहियाबाद! औरंगजेबाने दख्खनच्या मोहिमेत पुण्याला दिलेलं हे नाव. तो १७०७ मध्ये गेला, नाव पुण्याच्या जिभेवर कधी चढलंच नाही, पण नाण्यावर पुढे शंभर वर्षं टिकलं. शनिवारवाड्याच्या गावात पाडलेल्या रुपयावर 'मुहियाबाद पुणे'.

समोरच्या बाजूला 'शाह आलम' आणि 'बादशाह गाझी'. मागे 'जुलूस', म्हणजे राज्यारोहण, आणि 'मैमनत मानूस', म्हणजे शुभ असो या अर्थाचं मुघली ठरीव वाक्य. इथपर्यंत भाऊजी शंभर टक्के बरोबर.

पण कडेला, अक्षरांच्या मध्ये, एक खूण. उभी दांडी आणि वर बाकदार आकडा. नवऱ्याने फोटो मोठा केला आणि म्हणाला, "हे तर गणपतीच्या हातातलं आहे."

अंकुश! हत्तीचा माहूत वापरतो तो. याच खुणेवरून या रुपयाला पेशवाईत 'अंकुशी रुपया' म्हणत. फारसी मजकूर कुठल्याही मुघल रुपयासारखा. अंकुश फक्त आपला. आमच्या अकरापैकी सातांवर अंकुश निघाला, काहींवर पूर्ण, काहींवर नुसती दांडी.

आता तुम्ही विचाराल, आणि भाऊजींनीही विचारलंच, की शिवाजी महाराजांनी शिवराईवर देवनागरीत 'श्री राजा शिव' आणि मागे 'छत्रपति' लिहिलं, मग पुढच्यांना दिल्लीच्या बादशहाचं नाव का लागलं? प्रश्न रास्त आहे. उत्तर मला तरी दोन पदरी वाटतं.

पहिला पदर बाजाराचा. शिवराई तांब्याची, गावच्या बाजारातली, आपल्या मुलखात चालणारी. रुपया चांदीचा. त्याला सुरतेपासून बंगालपर्यंत फिरायचं होतं. सावकार, सारा, फौजेचे पगार, घोड्यांची खरेदी, सगळं रुपयात. अनोळखी तोंडवळ्याचा रुपया परमुलखातला सराफ घेणार, पण कापून घेणार. या कपातीला म्हणायचे बट्टा. परक्या टांकसाळीचा रुपया, बट्टा. जुन्या सालाचा रुपया, बट्टा. झिजलेला, बट्टा. 'नावाला बट्टा लागला' असं आपण म्हणतो ना, तो हाच. पोतदार आणि टाकसाळे ही आडनावंही याच धंद्यातली. पेशवाईत टांकसाळ म्हणजे सरकारी खातं कमी आणि परवाना घेऊन चालवलेला धंदा जास्त. सोनार-सराफ परवाना घेत, सरकारात फी भरत. आमच्या शेजारी चिंचवडलाही अशी टांकसाळ होती, जिथे आता आम्ही मॉलला जातो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९९ मध्ये मराठी राज्यातल्या चलनावर आणि टांकसाळींवर एक निबंध लिहिला होता. म्हणजे हा घोळ समजून घ्यायचा प्रयत्न सव्वाशे वर्षांपूर्वी सुरू झालेला आहे.

दुसरा पदर राजकारणाचा, आणि इथे मला खरी गंमत वाटते. ज्याचं नाव पुण्याच्या रुपयावर आहे, तो शाह आलम काही मोठा दरारा असलेला बादशहा नव्हता. १७५९ मध्ये त्याने बादशहा म्हणून नाव लावलं, पण राजधानीत पाऊल ठेवायला त्याला १७७२ उजाडलं, आणि तेही महादजी शिंद्यांच्या फौजेच्या सोबतीने. १७८४ मध्ये त्याने पेशव्यांना वकील-इ-मुतलक केलं, म्हणजे सगळा कारभार मराठ्यांकडे, पेशव्यांच्या वतीने महादजी. १७८८ मध्ये गुलाम कादिरने दिल्लीत शिरून या म्हाताऱ्याचे डोळे काढले. त्याला सोडवून परत तख्तावर बसवलं ते शिंद्यांच्या फौजेनेच. १८०३ मध्ये इंग्रजांनी दिल्ली घेतली तेव्हा तो आंधळा बादशहा इंग्रजांच्या आसऱ्याला गेला आणि १८०६ मध्ये वारला.

म्हणजे नाव त्याचं, पण त्याची दिल्ली कुणाच्या जिवावर? फारसी वाचता येणाऱ्याला नाण्यावर बादशहा दिसत होता. अंकुश ओळखणाऱ्याला पुणं दिसत होतं. होम्सच्या 'तय्यिब'सारखंच.

हा प्रकार आपल्याकडे काही पेशव्यांनी सुरू केलेला नाही, हेही जाता जाता सांगते. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला मडक्यात तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. क्षत्रप नहपानाची. त्यावर नहपानाचा चेहरा आणि त्याच्याभोवती ग्रीक अक्षरं, पण भाषा मात्र इथलीच! पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर ती ग्रीक अक्षरं इतकी बिघडली की नुसती नक्षी उरली. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं आणि काय केलं? नाणी वितळवली नाहीत. त्याच नाण्यांवर आपला ठसा मारला. तेरा हजारांपैकी नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर. खाली नहपानाचं नाक अजून दिसतं, वर सातवाहनांचा डोंगर. हे सातवाहनी नाणं की क्षत्रपांचं? मला विचाराल तर मी दोन्ही म्हणेन आणि चहा मागवेन.

दोन आठवड्यांनी रविवारी सगळे जमले. जुन्या घराच्या ओटीवर शेवटचा रविवार, सामान निम्मं बांधलेलं. मी लॅपटॉप उघडला. (सवय! माझ्या नवऱ्याने 'स्लाईड नको' अशी आधीच ताकीद दिली होती, तरी सहा झाल्या.) शाह आलम, अंकुश, मुहियाबाद, सगळं दाखवलं. भाऊजींनी नाणं हातात घेतलं, अंकुशावर नख फिरवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे पुण्याचंच." तात्यांनी ग्रुपवरचा आपला अंगठा काढला. कसा काढायचा ते नातवाला विचारून.

इथे थांबता आलं असतं. सगळे खूश. पण टेस्टरला थांबता येत नाही, आणि माझ्याकडे अजून एक फोटो होता.

सातांपैकी एका रुपयावर साल पूर्ण उमटलं आहे. काठी, एक वळण, दोन वळणं, व्ही. १२३७. हे हिजरी धरलं तर इसवी १८२१-२२. शेतसाऱ्याचं फसली साल धरलं, तर त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे १८२७. अंकुशी रुपयावर या काळात फसली साल असायचं, त्यामुळे १८२७ बरोबर. पण तुम्ही कुठलंही धरा, पेशवाई १८१८ मध्ये संपली! दुसरा बाजीराव तेव्हा बिठूरला होता.

मग हा रुपया कुणी पाडला? इंग्रजांनी. एल्फिन्स्टनचं धोरणच होतं की नव्याने घेतलेल्या मुलखात लोकांची घडी शक्यतो मोडायची नाही. त्यामुळे पुण्याची टांकसाळ चालू, तोच बादशहा, तोच अंकुश, आणि आत ईस्ट इंडिया कंपनी. १८३० नंतरही काही वर्षं हे चाललं. मुंबईत कंपनीने हाच खेळ आधीपासून केला होता. सतराव्या शतकात इंग्रजी अक्षरांचे रुपये काढून पाहिले, मुलखात ते कुणी घेईनात. १७१७ मध्ये फर्रुखसियर बादशहाकडून त्याच्या नावाने नाणं पाडायची परवानगी घेतली, मग चालले. आमच्या डब्यातल्या आठव्या रुपयावर अंकुश नाही. तो कंपनीचा सुरती रुपया, यंत्रावर पाडलेला, कड एकसारखी. त्यावर शाह आलमच्या राज्याचं ४६ वं वर्ष आणि हिजरी १२१५, आणि ही दोन सालं एकमेकांशी जुळतच नाहीत. कारण ती गोठवलेली आहेत. साल बदललं की बट्टा लागतो, मग सालच बदलायचं नाही! बंगालमध्ये तर त्यांनी असंच १९ वं वर्ष गोठवून टाकलं होतं. १८३५ मध्ये कायदा करून सगळीकडे एकच रुपया आणला, त्यावर विल्यम राजाचं डोकं, आणि बादशहाचं नाव कंपनीच्या नाण्यावरून गेलं. आमचा नववा रुपया तो, १८३५ चा. दहावा व्हिक्टोरिया राणीचा.

प्रश्न असा होता की हे आजींना सांगायचं का. घरात 'पेशव्यांचे रुपये' हे दोन शब्द पाच पिढ्या चालत आलेत. निदान एक अंकुशी रुपया नक्की पेशव्यांनंतरचा. बाकी सहांवर साल उमटलेलं नाही. ते बाजीरावाच्या वेळचे असतील किंवा कंपनीच्या. नवरा म्हणाला, "नको सांगू. ती शहाऐंशीची आहे." भाऊजी म्हणाले, "सांगा वहिनी. मी मुघल म्हटलं तेव्हा तुम्हीच पुरावा मागितला होता."

मी सांगितलं. ओटीवर त्यांच्या शेजारी बसून, नाणं त्यांच्या तळहातावर ठेवून. आधी बादशहा सांगितला, मग अंकुश, मग हे साल आणि इंग्रज. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "चांदी खरी हाय का?"

"खरी आहे, आजी."

"मग कुनी का पाडंना. आमच्या मानसांनी भात घालून घेतलाय त्यो. आंबेमोहोर." आणि मग जरा थांबून, "कडीवाले दोन माझ्या सासूचे. गळ्यात घालायची ती. ते मोडू नका, बाकीचं तुमी बघा."

त्यांनी पेशवे हा शब्द पुन्हा काढला नाही. 'इंग्रजांचे' असंही म्हणाल्या नाहीत. त्यांना वाईट वाटलं की नाही, मला अजून कळलेलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

मोडायचा विषय मात्र संपला. सराफाने दिलेला भाव निव्वळ वजनाचा होता, एकेक रुपया ११ ग्रॅमच्या आसपास. संग्राहक थोडे जास्त देतात, पण अंकुशी रुपया काही दुर्मिळ नाही, त्यामुळे यातून फ्लॅटचा हप्ता फिटेल अशी स्वप्नं बघू नका. बाजारात 'शिवकालीन' म्हणून भलत्या किमतीला विकली जाणारी बनावट नाणी भरपूर आहेत, विशेषतः होन. अस्सल होन फारच थोडे उरलेत. कुणी तुम्हाला फोनवर स्वस्तात देत असेल तर फोन ठेवा. शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा अमेरिकेतल्या भावाला कुरिअर करू नका. आणि घराचा पाया खणताना मडकं लागलं, तर ते तुमचं नसतं. १८७८ चा कायदा आहे, दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. जांब्यात सध्या जेवढे पाये खणले जाताहेत, तेवढ्यांवर हा बोर्ड लावायला हरकत नाही.

वाटणी अशी झाली. कडीचे दोन आजींकडे. उरलेले पाच अंकुशी पाच घरांत एकेक. साल उमटलेला भाऊजींनी स्वतः मागून घेतला. विल्यम आणि राणी तात्यांकडे, कारण त्यांना डोकी असलेली नाणी बरी वाटतात. सुरती रुपया आमच्याकडे.

अकरावा राहिला. तो इतका झिजलाय की समोर दोन तिरक्या रेषा आणि मागे तीन ठिपके, एवढंच दिसतं. शिवाय कडेला सराफांनी पारखताना मारलेले चार-पाच बारीक छाप आहेत. म्हणजे तो खूप हातांतून फिरलाय. अंकुश नाही, आकडा नाही. पावसाळा संपला की तो घेऊन अंजनेरीला जायचं ठरलंय. भाऊजी गाडी काढणार आहेत. आजी म्हणाल्या, जाताच आहात तर त्र्यंबकेश्वरही करून या.